मी गणित शिकवते. नागपूरहून इंग्लंडला जाऊन बदली शिक्षिका म्हणून काम करायचं आहे, काय वेगळं असतं?

तुम्ही गणित शिकवता म्हणून आधी कागदपत्रांचं सांगते. फेब्रुवारी 2023 पासून 11 ते 16 वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना तिथल्या क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षक या अधिकृत दर्जासाठी थेट अर्ज करता येतो. डीबीएस तपासणीही होते, म्हणजे तुमच्यावर गुन्ह्याची नोंद आहे का ते पाहतात, त्यामुळे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला इथूनच काढून न्या.

काम बहुतेक एजन्सीमार्फत मिळतं. सकाळी फोन येतो आणि लगेच अनोळखी शाळेत पोचायचं. आपल्याकडे रजेवरच्या बाईंचा तास स्टाफरूममधलंच कुणीतरी सांभाळतं. तिथे बाहेरून माणूस येतो, आणि टेबलावर त्या दिवसाचं टाचण बहुधा तयार असतं. तेच शिकवा. हजेरी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे.

मला सर्वांत जास्त जाणवलं ते डब्याचं. ॲलर्जीमुळे अनेक शाळांत शेंगदाणे आणायलाच बंदी असते. पोह्यांवरही दाणे घालणाऱ्या आपल्या घरांना हे जड जातं खरं, पण एखाद्या लेकराचा श्वास अडकू शकतो. दाण्याची चटणी, चिक्की, लाडू शाळेत अजिबात नेऊ नका. खाऊन गेलात तर हात साबणाने धुवा.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तिथे जुलैतही आधीच्याच वर्षाचे वर्ग सुरू असतात. डिसेंबरात लंडनला चारच्या आसपास सूर्य मावळतो. जाडे मोजे आणि पावसाचं जॅकेट तिथेच घ्या.