ऑइलचा दिवा लुकलुकतोय, जाड ऑइल घालू का?

प्रश्न : गाडी दीड लाख किलोमीटर चालली आहे. इंजिन तापलं की आयडलला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल आहे (पहिला आकडा गार ऑइलच्या दाटपणाचा, दुसरा तापलेल्या ऑइलच्या). मेकॅनिक २०डब्ल्यू-५० घाला म्हणतो. त्याने बेअरिंग वाचतील का?

उत्तर : दिवा कदाचित विझेल, पण झिजलेलं बेअरिंग भरून येणार नाही.

क्रँकचं जर्नल (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) ऑइलच्या थरावर तरंगतं. ५० मिमी जर्नलला मोकळीक (जर्नल आणि बेअरिंगमधली फट) साधारण ०.०५ मिमी असते आणि भार पडतो तिथे थर काही मायक्रॉनच उरतो. दाटपणा किंवा वेग घटला की तो आणखी पातळ होतो. (वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत चढ चढवू नका, ते याचसाठी.) १५० अंशांना, जोराच्या घर्षणात, ३० ग्रेडचा दाटपणा किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, तर ५० चा ३.७ असावा लागतो. तापलेल्या इंजिनात जाड ऑइलचा फायदा होतो, तो असा.

तोटा गार इंजिनात. जाड ऑइल उशिरा पोचतं, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) उघडून बरंचसं सम्पमध्येच, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतच, परततं, फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला तर न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगवर जातं. गेज मात्र भरपूर प्रेशर दाखवतं! प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे, आणि बेअरिंगची उष्णता प्रवाहच वाहून नेतो.

तेव्हा आधी डिपस्टिक पाहा. पातळी कमी आहे का? पेट्रोलचा वास येतो का? इंधन मिसळलं की ऑइल पातळ होतं. तसं असेल तर इंजेक्टर तपासून ऑइल व फिल्टर बदला. मग प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून, इंजिन पूर्ण तापवून, आयडल आणि २००० आरपीएमचं प्रेशर वर्कशॉप मॅन्युअलशी ताडा. बरोबर असेल तर स्विच बदला, काम संपलं. कमी असेल तर सम्प उतरवून स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) आणि रिलीफ व्हॉल्व्ह पाहा, मग बेअरिंग कॅप. तांबं-शिसं शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल अस्तराचा) राखाडी थर जाऊन आतलं तांबूस दिसत असेल तर शेल गेलं. मोकळीक प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटणाऱ्या बारीक प्लास्टिकच्या पट्टीने) मोजा : शेल-जर्नल कोरडं पुसा, पट्टी ठेवा, कॅप ठरल्या टॉर्कला कसा, क्रँक अजिबात न फिरवता उघडा आणि चपटलेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या मापाशी ताडा.

नवे शेल बसवण्याआधी जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून घ्या. ते लंबगोल झालं असेल तर आधी क्रँक ग्राइंड करावा लागेल. ऑइल पुस्तिकेतलंच, त्यात ५डब्ल्यू-४० ची मुभा असेल तर तेही चालेल.

प्रश्न : वाटेत दिवा लागूनच राहिला तर?

उत्तर : गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. पाच-दहा मिनिटांनी पातळी पाहा. पातळी ठीक असेल तरी इंजिन पुन्हा सुरू करू नका, गाडी टो करून न्या.