आईसाठी दुभाषी तुम्ही होऊ नका

न्यू जर्सीहून आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

'बाबा गेल्यावर दादाने आणि मी ठरवून आईला इकडे आणलं. ती ७१ वर्षांची आहे, सगळा जन्म गिरगावात गेला. इथे येऊन चौदा महिने झाले. रात्र रात्र जागी असते, छातीत जळजळतं म्हणते, जेवण निम्म्यावर आलंय. मंडळाच्या गणपतीलाही आली नाही. ईसीजी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी उदासपणा तपासायचा नऊ प्रश्नांचा एक फॉर्म दिला. मी एकेक प्रश्न मराठीत विचारला, आई प्रत्येकाला "छे, तसं काही नाही" म्हणाली. "देवाने आता न्यावं" असं घरी अधूनमधून म्हणते, पण ते मी तिथे सांगितलं नाही, आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतातच. डॉक्टर सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखवा म्हणतात. दादा मुंबईहून सांगतो, असलं काही कागदावर येऊ देऊ नकोस, भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे. काय करू?'

ताई, म्हणतात खरं. माझी आजीही रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की 'ने रे बाबा आता' म्हणायची आणि पाठोपाठ भाकरीचं पीठ मळायला बसायची. पण तुमची आई जेवण निम्मं झालेलं असताना, झोप उडालेली असताना हे म्हणते आहे. त्या फॉर्मचा नववा आणि शेवटचा प्रश्न नेमका याचाच आहे. तुम्ही गाळलंत ते उत्तर तिथे लिहायचं होतं.

म्हणून आधी आजचं काम. दोघी एकट्या असाल तेव्हा सरळ विचारा: 'आई, जीव नकोसा होतो का गं? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकदा विचारल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो. 'हो' म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात घ्या आणि ९८८ला फोन करा, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी ती तिकडची हेल्पलाइन आहे. तिथे दुभाष्याची सोय आहे. धोका समोर दिसत असेल तर ९११.

आता तो फॉर्म. वर्णनावरून तो पीएचक्यू-९ असावा, नैराश्य तपासायची नेहमीची प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७ गुण. इंग्रजीतल्या 'डाउन, डिप्रेस्ड, होपलेस'चं तुम्ही काय केलंत? बहुधा 'आई, तुला उदास वाटतं का?' आता लेकीने विचारलेल्या या प्रश्नाला चाळीत संसार केलेली कुठली आई 'हो' म्हणेल? लेकीने इतकं सगळं केलं आणि आपण उदास म्हणायचं, म्हणजे तिच्या घराला नावं ठेवल्यासारखंच की. त्या खोलीत तुम्ही नसतात तर आई कदाचित वेगळं बोलली असती.

शिवाय तिचे शब्द वेगळे आहेत. जीव घाबरा होतो, छाती भरून येते, हातापायातलं बळ गेलंय, मन लागत नाही. यातलं 'छाती भरून येते' इंग्रजीत गेलं की अ‍ॅसिडिटी होतं, आणि मग एंडोस्कोपी होते. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात 'नसांचा अशक्तपणा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांचं काम १९८२ साली छापून आलं. दुखणी होती डोकं, झोप, थकवा यांची. त्यातल्या ८७ जणांना नैराश्याचा आजार निघाला. आई खोटं सांगत नाहीये. तिला जिथे दुखतं तेच ती सांगते आहे.

तुमचे डॉक्टर वाईट आहेत असंही नाही, अडचण तिकडच्या सगळ्या व्यवस्थेचीच आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यप्रमुखांनी, २००१ सालीच अहवाल काढून लिहिलं होतं, की वांशिक अल्पसंख्याकांना मानसिक आजारांवर उपचार कमी मिळतात आणि मिळाले तरी बऱ्याचदा हलक्या दर्जाचे. पुढे २००२-०३च्या मोठ्या पाहणीत आशियाई वंशाच्या लोकांपैकी वर्षभरात ८.६ टक्क्यांनीच कुठलीही मानसिक आरोग्यसेवा घेतलेली आढळली, एकूण लोकसंख्येत हे प्रमाण जवळपास १८ टक्के होतं. आणि गंमत बघा, त्या पाहणीत चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी असे तीन गट होते. भारतीय 'इतर आशियाई'त. मराठी तर दूरच. म्हणजे तुमच्या आईसारख्या बाईचं काय होतं, हे त्या आकड्यांतून कुणाला कळायचं?

पण सगळं खापर तिकडच्या व्यवस्थेवर फोडता येत नाही, कारण दादाचा फोन इथून आला.

दादावर मी रागावणार नाही. माझ्या लहानपणी मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१चं, त्या विनोदाचं वयही तितकंच असेल. आम्हीही हसायचो. सामाजिक कलंक मोजायची 'एमिक' नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती ज्या कामातून पुढे आली ते मुंबईतल्या कुष्ठरुग्णांबरोबर झालं होतं, १९९२ साली छापून आलं. त्यात साधे प्रश्न आहेत: हे दुखणं इतरांना कळू नये असं वाटतं का? शेजारी तुमच्या घरच्यांना कमी लेखतील का? आणि एक असा, की या दुखण्यामुळे नातेवाइकांची लग्नं जमायला अडचण येईल का? म्हणजे दादाची भीती तीस वर्षांपूर्वीच कागदावर आली आहे. ती वेडगळ नाही, पण तिच्यापायी औषध थांबवायचं का, एवढाच प्रश्न आहे. नाही थांबवायचं.

दादाला हे सांगा: अमेरिकेतल्या डॉक्टरांकडची नोंद दादरच्या वधूवर सूचक मंडळात पोचत नाही. तिकडे १९९६चा गोपनीयतेचा कायदा आहे, आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बातमी फुटते ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे आईने ठरवावं. दादालाच फार घोर लागला असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मुंबईतून फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्याविषयी बोलले, लिहिलं, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सगळ्यांनी तेवढं करावं असं मी म्हणणार नाही. तुम्ही फक्त पुढच्या अपॉइंटमेंटच्या वेळी फोनवर सांगा: 'दुभाषी हवा, मराठी.' 'मराठी, हिंदी नव्हे' असं दोनदा सांगा. गिरगावातली हिंदी भाजीवाल्याशी भांडायला पुरते, मन मोकळं करायला नाही. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना ही सोय फुकट द्यावी लागते, घरच्या माणसाला आणा अशी सक्ती त्यांना करता येत नाही. दुभाषी बहुधा फोनवरच असेल, आईला ते आधी सांगून ठेवा, नाहीतर खोलीत नुसता आवाज आला की ती बिचकेल. फॉर्मची मराठी आवृत्ती आहे, तीही मागा. आईला स्वतः वाचू दे.

थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का तेही विचारा, शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं फार सर्रास आहे आणि त्यानेही मन खचतं. इथल्या ओळखीच्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलवू का, असं पुष्कळजण मला विचारतात. गप्पा ठीक, पण उपचार म्हणाल तर अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना लागतो. आणि इथून कुणाच्या हाती झोपेच्या गोळ्या मागवू नका.

डॉक्टरांच्या खोलीत सुरुवातीची पाच मिनिटं बसा, 'देवाने न्यावं' हे वाक्य जसंच्या तसं सांगा, आईसमोरच सांगा. मग उठून बाहेर या. ती बाहेर आली की 'काय बोललीस?' असं विचारू नका. थर्मासमध्ये चहा नेलात तर बरं, तिकडचा तिला आवडत नसेल.