व्हाउचर पावसाळ्याआधी समजावून सांग

भाऊ, हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर व्हाउचर, म्हणजे खर्चाची पावती, समजवायला बसू नकोस, तेव्हा पुराच्या धावपळीत कोणी ऐकत नाही. मे महिन्यातच फील्डवर खर्च करणाऱ्या पोरांना गोळा कर. नियमावली वाचून दाखवू नकोस. एक खरी पावती हातात दे अन् अहिराणीत विचार, यात काय राहिलं? ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, सही त्या तिकिटावरून जाईल अशी. हे हमखास विसरतात. मीही रावेरकडे ट्रॅक्टरवाल्याच्या पावतीवर विसरलो, मग एका तिकिटापायी पुन्हा चिखल तुडवला. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्यायला सांग. फोटो तिथंच काढायचा, कागद भिजतो. ॲडव्हान्सचा, म्हणजे खर्चाला आधी दिलेल्या पैशांचा, हिशोब कधीपर्यंत द्यायचा, ते कारणासकट सांग; नाहीतर पोरांना वाटतं, आपल्यावर संशय घेतायत.