मारामारी चालू असताना स्पायडरमॅनला एवढं बोलायला सुचतं कसं?

तुमचा प्रश्न असा: सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये इमारती कोसळत असतात, समोर पोलादी हातांचा शत्रू उभा असतो आणि नायक मात्र टोमणे मारत असतो. लेखक असं का करतात? आणि खऱ्या भांडणात कुणी असं बोलतं तरी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. बोलतं. सोलापूरला या.

सात रस्त्याला दोन मोटारसायकली एकमेकींना घासल्या की पुढची दहा मिनिटं हात क्वचितच उठतो, तोंड मात्र थांबत नाही. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका आडदांड माणसाने एका काडीपैलवानाची गचांडी धरली. काडीपैलवान अजिबात न हलता म्हणाला, "हळू धर बे, शर्ट भावाचा हाय." बघ्यांत हशा पिकला. ज्याने गचांडी धरली होती तोही हसला आणि मग हात सोडण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही. ताकद एकाकडे होती, पण गर्दी दुसऱ्याकडे गेली. स्पायडरमॅन दर महिन्याला हेच करतो, फक्त त्याला शर्ट स्वतःलाच शिवावा लागतो.

आता पहिला प्रश्न. माझा धंदा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवून देण्याचा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांच्या पाट्या. इंग्रजी कॉमिक्स मला रद्दीत मिळाली, तीही मधली पानं गायब असलेली, त्यामुळे अनेक गोष्टींचा शेवट मला दहा-दहा वर्षांनी कळला. पण चौकटीत शब्द बसवणं हेच पोटापाण्याचं काम असल्यामुळे चित्राआधी माझी नजर फुग्याकडे, म्हणजे पात्राचं बोलणं ज्यात लिहितात त्या गोलाकडे जाते. तिथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

ठोसा मारायला एक क्षण लागतो. त्याच चौकटीतल्या फुग्यात पंचवीस शब्द असतात. घड्याळ लावून बसलं तर हे अशक्य आहे. पण कॉमिक्सच्या चौकटीतला वेळ घड्याळाचा नसतोच. वाचणारा जेवढा वेळ तिथे रेंगाळेल तेवढा तो. आपल्याला हे नवीन नाही. तमाशाच्या वगात राजाचा शिपाई तलवार उपसून उभा असतो आणि सोंगाड्या पाच मिनिटं त्याची फिरकी घेतो. तलवार एवढा वेळ हवेत का थांबली, असं कुणीही प्रेक्षकातून उठून विचारत नाही. उलट शिपायाने मध्येच वार केला तर लोक त्यालाच शिव्या घालतील.

हे बोलणं आलं कुठून, तर त्याची एक पायरी बॅटमॅनपाशी सापडते. १९३९ साली आलेला बॅटमॅन एकटा होता, रात्रीचा हिंडायचा आणि घुमा होता. त्याच्या लेखकाची, बिल फिंगरची, अडचण अशी की याला बोलायला कुणी नाही. शेरलॉक होम्सला जसा वॉटसन, तसा याला कुणीतरी हवा, म्हणून १९४० मध्ये रॉबिन आला. तो पोरगा गुंडांना लाथा घालता घालता शाब्दिक कोट्या करू लागला. कोट्या बऱ्याचदा फुसक्या होत्या, पण पानावर दोन आवाज आले हे महत्त्वाचं.

आपल्याकडे माझ्या वडिलांच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम', वाचला. १९६४ पासून १९९० पर्यंत ती मालिका चालली, मराठीतही निघायची. ली फॉकचा हा नायक १९३६ सालचा, आणि बोलायला अगदी कंजूष. त्याच्याबद्दल जंगलच बोलायचं: जुन्या जंगली म्हणी, त्याच्या दृष्टीची, त्याच्या ठोशाची थोरवी. म्हणजे नायक गप्प आणि भाट बोलका. विनोद नव्हताच असं नाही, पण तो कडेकडेने यायचा.

खरा फरक पडला तो १९६१-६२ मध्ये. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी आधी 'फँटॅस्टिक फोर' आणलं. त्यात चौघे नायक शत्रूपेक्षा एकमेकांशी जास्त भांडायचे. मग १९६२ मध्ये ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन आला. इथे एक कारखानदारी बाब सांगतो, कारण ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. ही दोन्ही कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीत तेव्हा लेखक आधी संवाद लिहीत नसे. गोष्टीचा ढोबळ आराखडा चित्रकाराला सांगितला जायचा, चित्रकार पूर्ण पानं काढायचा आणि मग त्या काढलेल्या पानांवर ली संवाद भरायचा. बोलणं सगळ्यात शेवटी यायचं.

याचा परिणाम काय, हे पत्रिका छापणाऱ्याला विचारा. वेलबुट्टीची चौकट आधी ठरलेली असते, आणि मग यजमान सांगतात की आतेभावाचंही नाव घाला. मारामारीची तीन पानं चित्रातच पूर्ण कळलेली असताना लेखकाने त्यावर लिहायचं काय? "मी आता डावीकडून ठोसा मारतो आहे" असं लिहिणारेही होते, जुन्या अंकांत तसले फुगे ढिगाने सापडतात. लीने त्याऐवजी गप्पा घातल्या. सुपरहिरोंची भरभराट व्हायच्या आधी त्याने कितीतरी वर्षं मॉडेल मुलींच्या, तरुण पोरापोरींच्या हलक्याफुलक्या मालिका लिहिलेल्या होत्या. ती सवय इथे कामाला आली. चित्र एक सांगतंय आणि फुगा दुसरंच काहीतरी बोलतोय, यात जी गंमत होते ती दोघांपैकी एकट्याच्या हातून झाली नसती.

पण एवढंच असतं तर सगळ्याच नायकांची बडबड सारखी गोड लागली असती. तशी लागत नाही. स्पायडरमॅनची लागते त्याचं कारण माझ्या मते त्याचा मुखवटा. डिटकोने त्याचा चेहरा पूर्ण झाकला. बॅटमॅनचा निदान जबडा दिसतो. याचे ओठ, भुवया, काहीच नाही. वाचकाला त्याच्या मनातलं कळायचं तर शब्दांवाचून मार्ग नाही. आणि मुखवट्याआड आहे कोण? चष्मेवाला पीटर पार्कर, ज्याला शाळेत फ्लॅश थॉम्प्सन येता-जाता टोचतो आणि जो एक अक्षर उलटून बोलत नाही. दिवसभर गिळलेली उत्तरं तो रात्री गुंडांना देतो. आमच्या आळीतही असा एक मुलगा होता. एरवी मान खाली, पण गड्ड्याच्या जत्रेत एकदा वाघाचा मुखवटा घालून आला आणि आख्ख्या आळीची अशी काही उडवली की ओळखूच येईना.

मुखवट्याचा मुद्दा पटत नसेल तर २०१३ चं 'सुपीरियर स्पायडरमॅन' वाचा. त्यात पीटरच्या शरीरात त्याच्या जुन्या शत्रूचं, पाठीला चार यांत्रिक हात असलेल्या डॉक्टर ऑक्टोपसचं मन शिरलेलं असतं. पोशाख तोच, ताकद तीच. पण बोलणं बदललेलं: आढ्यतेचं, पुस्तकी, स्वतःची टिमकी वाजवणारं. वाचताना आपल्याला पानापानाला जाणवत राहतं की हा आपला माणूस नव्हे. विनोद काढून घेतला की माणूसच बदलतो, हे दाखवायला त्यांनी आख्खी मालिका खर्ची घातली.

आणि १९७३ चा स्पायडरमॅनचा तो १२१ वा अंक. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते, स्पायडरमॅन जाळं टाकून तिला अडवतो आणि वर ओढून घेताना स्वतःचीच पाठ थोपटत असतो, नेहमीच्या उडाणटप्पू आवाजात. ती मेलेली आहे हे त्याला अजून माहीत नाही. लेखक जेरी कॉनवेने तिथे शोकाचं वाक्य आधी टाकलं असतं तर पान साधं झालं असतं. बडाई चालू राहते आणि मग मध्येच तुटते, म्हणून ते पान आजही अंगावर येतं. मी ते पान रद्दीतल्या अंकात, पावसाने फुगलेल्या कागदावर वाचलं होतं.

आता भाच्याची गोष्ट. भाचा नववीत आहे, इंग्रजी त्याला बरं येतं, पण आम्ही एक खेळ सुरू केला. जुन्या अंकांच्या फुग्यांवर पांढरा कागद चिकटवायचा आणि मराठी संवाद लिहायचे. पहिल्याच पानाला आम्ही आपटलो. इंग्रजी अंकांत बहुतेक अक्षरं मोठ्या लिपीतली, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याला वर वेलांटी, खाली उकार. तेवढ्याच फुग्यात दोन ओळी कमी बसतात. भाचा म्हणाला, "मामा, हे लई बोलतंय की. ह्याला जरा कमी बोलाय लाव." लावलं. आणि निम्मे विनोद उलट जास्त धारदार झाले.

दुसरी अडचण कोट्यांची. नावावरची इंग्रजी कोटी मराठीत आणली की ती मरते, तिच्यावर उपचार करण्यात अर्थ नसतो. पण मराठीकडे एक हत्यार आहे जे इंग्रजीकडे नाही: अहोजाहो. आपल्याकडे भांडण पेटलं की माणूस 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरतो. जो उलटा जातो, ऐन मारामारीत 'तू'वरून 'तुम्ही'वर चढतो, तो समोरच्याची चेष्टा करत असतो. आम्ही डॉक्टर ऑक्टोपसच्या प्रसंगात मूळची कोटी टाकून दिली आणि लिहिलं: "अहो डॉक्टरसाहेब, चार हात जास्तीचे आहेत, एकाने तरी दार लोटून घ्यायचं होतं." भिंत फोडून आत आलेल्या माणसाला 'साहेब' म्हणण्यात जे आहे ते मला इंग्रजीत सापडलेलं नाही. (२००४ मध्ये मुंबईतला, धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅनही आला होता. तो इंग्रजीत बोलायचा. त्याच्या तोंडी हे 'अहो' किती शोभलं असतं!)

विनोदासाठीच वाचायचं असेल तर बॅटमॅन आणि इतर नायकांच्या टोळीची १९८७ ची 'जस्टिस लीग' घ्या. कीथ गिफन आणि जे. एम. डिमॅटिस यांचं लेखन, केविन मॅग्वायरची चित्रं. तिथे उलटी तऱ्हा आहे: चेहरेच एवढे बोलके की फुगा रिकामा असता तरी हसू आलं असतं. पाचव्या अंकात गाय गार्डनर नावाच्या वाचाळ नायकाला बॅटमॅन एका ठोशात आडवा करतो, आणि खरा विनोद त्या ठोशात नसून त्यांचा साथीदार ब्लू बीटल याच्या हसण्यात आहे. डेडपूल या बडबड्या पात्राबद्दल मी थोडक्यात आटपतो. १९९१ मध्ये आला तेव्हा तो भाडोत्री मारेकरी होता आणि पुढच्या लेखकांनी त्याला वाचकाशी थेट बोलायला लावलं. पण ते काम लेखक-चित्रकार जॉन बर्नच्या शी-हल्क या नायिकेने १९८९ मध्येच जास्त नजाकतीने केलं होतं. डेडपूल मला तिसऱ्या अंकानंतर पाहुण्यांच्या लहान मुलासारखा वाटू लागतो. आधी कौतुक, मग डोकेदुखी.

तुमच्या प्रश्नामागे तक्रार असेल, तर तिच्यात तथ्य आहे ते इथे. हल्ली पाच नायक एका पानावर असले तर पाचही जण एकाच तऱ्हेचे टोमणे मारतात. फुग्यांच्या शेपट्या झाका आणि कोण बोलतंय ते ओळखून दाखवा. नाही ओळखता आलं तर तो विनोद पात्राचा नाही, लेखकाचा आहे. 'फँटॅस्टिक फोर'मध्ये ही परीक्षा घेऊन पाहा. रीड रिचर्ड्स प्राध्यापकासारखा लांबलचक बोलतो, आणि बेन ग्रिम, तो दगडी देहाचा, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून आलेला, तिथल्याच बोलीत तुकडे पाडत बोलतो.

त्या बेनसाठी आम्हाला भाषा शोधावी लागलीच नाही. माझे वडील यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात लांब वाक्य ऐकूच जात नाही, म्हणून ते कामगार एकमेकांची उडवायचे ती दोन-तीन शब्दांत, तीही ओरडून. घरी आल्यावरही वडील तसेच बोलायचे, गोड बोलतानासुद्धा ओरडून. रीडला आम्ही पुण्याची प्रमाण मराठी दिली आणि बेनला वडिलांची. चौघांपैकी आगीचा जॉनी पेट घेऊन डोक्यावरून उडतो तिथे बेन म्हणतो, "काय बे काडेपेटी, गप बस की." चिकटवलेलं पान मी बहिणीला दाखवलं. ती उभ्या उभ्या वाचत हसली, मग थांबली, परत पहिल्या फुग्याकडे गेली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अप्पांना दगूड केलास व्हय रे?"