दोन लाख किलोमीटर झालेली डिझेल गाडी घेतलीस, आता हे बघ

मित्रा, गाडी घेतलीस, अभिनंदन! पण पॉलिश आणि सीटकव्हर नंतर. आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. तुझ्या इंजिनाला चेन आहे की बेल्ट, ते विचारून घे. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं समज. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही बदलून घे.

सकाळी इंजिन थंड असताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बघ. गरम असताना झाकण अजिबात उघडू नकोस, वाफेने हात भाजतो. मग स्टार्ट कर आणि ऑइलचं झाकण सैल करून बघ. भकाभका धूर येत असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल काळं दिसलं तर मात्र घाबरू नकोस, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घे आणि दहा मिनिटं ठेव. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. माझ्या गाडीत बोटभर निघालं होतं, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर थोडक्यात वाचले.

आणि मुंबईची खारी हवा! तिने लोखंड गंजतं, म्हणून गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा), ब्रेकचे पाइप नीट बघ. कसारा घाट चढायचा बेत त्यानंतरच कर.