मुदतबाह्य औषधे आणि पोलादाचा गंज

प्रश्न : मुदत संपलेल्या औषधांपासून पोलादासाठी ‘हरित’ गंजरोधक मिळू शकतो, असे वाचनात आले. पोटात घेण्यास अयोग्य ठरलेले औषध धातूला कसे उपयोगी पडते? घरातील जुन्या गोळ्या पाण्यात विरघळवून लोखंडी फाटकाला लावल्या तर चालेल का?

उत्तर : फाटकाला त्याचा उपयोग होणार नाही, तेथे रंगच हवा. हे संशोधन उघड्या हवेतील गंजापेक्षा प्रामुख्याने आम्लात बुडवलेल्या पोलादाविषयी आहे. तापवून लाटलेल्या पोलादावर ऑक्साइडची खपली धरते आणि ती काढण्यासाठी कारखान्यात पत्रे हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात बुडवतात. खपली निघाली की आम्ल खालचे पोलादही खाऊ लागते, म्हणून त्यात गंजरोधक मिसळावा लागतो.

येथे औषधाचा गुण कामी येत नाही, त्याच्या रेणूची घडण कामी येते. ॲम्पिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, केटोकोनॅझोल यांसारख्या औषधांच्या रेणूंत नायट्रोजन, ऑक्सिजन, काहींत गंधक, आणि बेंझिनसारखी वलये असतात; त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांच्या आधारे किंवा आम्लात आलेल्या धन विद्युतभारामुळे हे रेणू पोलादाच्या पृष्ठभागावरील पाण्याचे रेणू हटवून तेथे चिकटतात आणि आम्लाची वाट अडवतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. मुदत संपली म्हणून रेणू त्या दिवशी नाहीसा होत नाही, कारण ती तारीख म्हणजे गुणवत्तेची उत्पादकाने दिलेली हमी असते. (अर्थात, यावरून जुनी औषधे घ्यायला हरकत नाही असा अर्थ कोणी काढू नये.)

परिणामकारकता मोजण्याची रीत सोपी आहे. नुसत्या आम्लात पोलादाच्या तुकड्याचे 100 मिलिग्रॅम वजन घटले आणि औषध मिसळल्यावर 10 मिलिग्रॅमच घटले, तर ती 90 टक्के धरतात. मात्र असा आकडा वाचताना आम्ल किती तापलेले होते, हे पाहावे. सैलपणे चिकटलेले रेणू उष्णतेने सुटतात, आणि सल्फ्युरिक आम्लाच्या टाक्या तर बहुधा गरमच ठेवलेल्या असतात.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. लिटरला 500 मिलिग्रॅम औषध लागते असे धरले, तर 10,000 लिटरच्या टाकीला 5 किलो, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 10,000 गोळ्या हव्यात, आणि त्याही एकाच औषधाच्या. घरोघरच्या डब्यांतून गोळा केलेल्या सरमिसळ गोळ्यांत पिष्ट, रंग आणि इतर भर इतकी निरनिराळी असते, की दोन वेळा एकसारखा परिणाम मिळण्याची खात्री देता येत नाही. उत्पादकाकडे परत आलेला एकाच औषधाचा साठा वापरला, तरच या कल्पनेला व्यवहारात अर्थ आहे. नवे शुद्ध औषध यासाठी वापरणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नाही.

‘हरित’ हे विशेषण मला घाईचे वाटते. प्रोपार्जिल अल्कोहोलसारख्या विषारी गंजरोधकांशी तुलना केली तर बरीच औषधे सौम्य ठरतात, हे मान्य. परंतु प्रतिजैविक मिसळलेले वापरून झालेले आम्ल नीट प्रक्रिया न करता पाण्यात सोडले, तर औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढण्यास मदत होऊ शकते. त्यामुळे प्रतिजैविके वगळून इतर औषधांकडे आधी पाहणे, आणि प्रत्येक प्रयोगात पोलादाच्या घटलेल्या वजनाबरोबर उरलेल्या द्रावणाचीही तपासणी करणे, अधिक योग्य ठरेल.