नवीन पीसीत हार्ड डिस्क दिसत नाही, 'ओके' दाबू का?

प्रश्न : नमस्कार सर, मुलासाठी नवीन पीसी असेंबल केला, पार्ट लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि जोडणी घरीच केली. विंडोज ११ एनव्हीएमई एसएसडीवर (मदरबोर्डवरच बसणारी वेगवान डिस्क) मस्त चालतंय. पण सोबत घेतलेली ४ टीबीची हार्ड डिस्क 'धिस पीसी'मध्ये येतच नाही. शिवाय आमच्या जुन्या अडॅप्टरवाल्या एक्सटर्नल डिस्कचं यूएसबी पोर्ट ढिलं झालं होतं, म्हणून डबा उघडून आतली डिस्क पण कॅबिनेटमध्ये बसवली, त्यात लग्नापासूनचे सगळे फोटो आहेत, ती पण दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की 'इनिशियलाइझ डिस्क' असा बॉक्स येतो. ओळखीचे एकजण म्हणाले ओके करा आणि फॉरमॅट मारा. मारू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका मारू, आत्ता तरी अजिबात नको. त्या बॉक्समध्ये बहुतेक दोन्ही डिस्कची नावं असतील आणि दोन्हींवर आधीच टिक असेल, नीट बघा. नव्या डिस्कला इनिशियलाइझ, म्हणजे वापरासाठी तयार, करावंच लागतं, कोरी असते ती. पण फोटोवाल्या डिस्कवर तेच केलं तर तिच्यावर नवीन पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) लिहिलं जातं, आणि त्यावर फॉरमॅट करून काही कॉपी केलं की मग फोटो परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं. म्हणून आधी पीसी बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवा.

आता ती का दिसत नाही ते सांगतो, कारण डिस्क बहुतेक चांगलीच आहे. एक्सटर्नल डब्यात एक छोटं सर्किट असतं, ते साटाचं (पीसीच्या आत डिस्क जोडायचं कनेक्शन) यूएसबी करतं. पण काही डब्यांमधलं सर्किट तेवढंच करत नाही, ते डिस्कवरचे ५१२ बाइटचे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, ४०९६ चे करून दाखवतं, आणि काही तर सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे कुलूपबंद करून, लिहितात, तुम्ही कधी पासवर्ड टाकलेला नसला तरी! अशी डिस्क सरळ मदरबोर्डला लावली की विंडोजला त्यातलं काही कळत नाही, ते तिला कोरी समजतं. त्यामुळं डिस्क परत तिच्याच डब्यात, तिच्याच सर्किटवर लावा आणि ते ढिलं पोर्ट मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडून सोल्डर करून घ्या, छोटं काम आहे. ते सर्किट फेकलं असेल तर आज कचऱ्यातून शोधून काढा, खरंच सांगतो. डिस्क लागली की सगळ्यात आधी फोटो कॉपी करा, दोन ठिकाणी.

नवी डिस्क सोपी आहे. जुनी काढलेली असताना पीसी चालू करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये बॉक्स आला की साइझ बघून खात्री करा आणि पार्टिशन टेबलच्या दोन प्रकारांपैकी जीपीटी निवडा. एमबीआर हा जुना प्रकार नको, त्यात साधारण २ टीबीच वापरता येतात, उरलेली जागा नुसती पडून राहते. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, क्विक फॉरमॅट, झालं. ४ टीबीऐवजी ३.६३ दिसेल, घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

ज्यांना डिस्क मॅनेजमेंटमध्येही काही दिसत नाही त्यांनी बायोस (पीसी चालू होताना उघडता येणारं मदरबोर्डचं सेटिंग) उघडून बघा. तिथेही नसेल तर केबल बदला, पोर्ट बदला. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई एसएसडी बसते ती जागा) भरला की एकदोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कुठले ते मॅन्युअलमध्ये असतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, पॉवर सप्लायला दुसऱ्या सप्लायची जुनी केबल लावू नका, डिस्ककडचं टोक सारखंच असतं पण सप्लायकडच्या पिना वेगळ्या असू शकतात, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते आणि डेटा पण अडकतो.

प्रश्न : इंटेल १२ व्या जनरेशनचा पीसी बनवला. विंडोज टाकताना ड्राइव्ह निवडायच्या पानावर यादीच रिकामी येते, बायोसमध्ये मात्र एसएसडी दिसते. एसएसडी परत करू का?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : परत करू नका ताई, बायोसमध्ये दिसते म्हणजे जोडणी बरोबर आहे. बोर्डात व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असणार आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नाही. बोर्डाच्या वेबसाइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, झिप असेल तर उघडून आतलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि त्याच पानावरच्या 'लोड ड्रायव्हर'मधून निवडा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वगैरे करायचं नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तरी चालतं, फक्त ते विंडोज टाकायच्या आधीच ठरवा, नंतर बदललं तर विंडोज बूट होत नाही. आणि इन्स्टॉल करताना बाकीच्या डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसते.